आधी रेट सांगणारा एजंट की आधी कागद मागणारा? कोल्हापुरातलं घर विकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील गेले. मंगळवार पेठेतलं दुमजली घर विकायचं आहे. आई मुलीकडे पुण्यात असते, मुलगा बेंगळुरूला. तीन एजंट येऊन गेले. पहिला म्हणतो ९५ लाख कुठं गेले नाहीत, पण सहा महिने घर फक्त माझ्याकडे द्या आणि तसं लिहून द्या. दुसरा म्हणतो ७८ च्या पुढे जाणं अवघड, आणि आधी कागद दाखवा. तिसरा म्हणतो तुमच्या हातात ८० ठेवतो, वरचं माझं. यातल्या कुणाला द्यावं, की एजंटाच्या भानगडीत न पडता स्वतःच विकावं?

ताई, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वतः कोल्हापुरात घरा-जागेचे व्यवहार बसवतो, वीसेक वर्षं पोट यावरच आहे. त्यामुळे एजंट हवा की नको या प्रश्नावर माझं मत कुणीकडे झुकणार हे उघड आहे. तेवढं वजा करून वाचा.

तुमच्या जागी मी असतो तर दुसऱ्याला परत बोलावलं असतं. तो ७८ म्हणाला म्हणून नव्हे, त्याने कागद मागितले म्हणून. आमच्या धंद्यात रेट सांगायला काही लागत नाही, चहा संपायच्या आत कुणीही सांगतो. कागद तोच मागतो ज्याला व्यवहार खरेदीखतापर्यंत न्यायचा असतो.

पेठेतल्या जुन्या घराला किती मिळणार हे पुष्कळसं कागदावरच ठरतं. कागद पुरे असतील तर बँकेचं कर्ज काढणारं गिऱ्हाईक येऊ शकतं, म्हणजे मागणारे दहा. कागदात खोट असेल तर रोख ऐपतीचे एक-दोन उरतात, आणि आपल्याशिवाय याला कुणी नाही हे कळलं की ते पाडूनच मागतात. म्हणून ज्याने कागद पाहिलेच नाहीत त्याच्या ९५ ला आणि ज्याने पाहिले नाहीत पण मागितले त्याच्या ७८ ला मी सारखं वजन देत नाही. कागद बघितल्यावर दुसरा कदाचित ८५ सुद्धा म्हणेल. किंवा ७० म्हणेल. जे म्हणेल त्याला कारण असेल.

तेव्हा एजंट निवडायच्या आधी कागद तुम्हीच बघून घ्या. सिटी सर्व्हेच्या हद्दीतल्या घराला मालमत्ता पत्रक, म्हणजे आपलं प्रॉपर्टी कार्ड, हे मूळ. महाभूमीच्या पोर्टलवर ते डिजिटल सहीचं मिळतं, पुण्यात बसून काढता येतं. त्यावर आज नाव कुणाचं आहे ते पाहा. बऱ्याच घरांत वडिलांचं असतं, काही ठिकाणी अजून आजोबांचंच. घरफाळ्याची पावती आईच्या नावाने येते म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण घरफाळा पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. महापालिकेने कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि घर त्यांनी स्वतः घेतलेलं असेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ हे सारखे वारस. वडिलांची आई हयात असेल तर त्यांचाही वाटा, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. घर आजोबांकडून आलेलं असेल तर काका-आत्यांचाही प्रश्न येतो, तिथे वकिलाशिवाय बोलू नका. मुलीचं लग्न झालं म्हणजे तिची सही लागत नाही असं सांगणारे एजंट अजून फिरतात. असा कुणी दारात आला तर त्याला आत घेऊ नका, त्याच्याच चुकीपायी उद्या तुम्ही कोर्टात दिसाल.

वारसांची नावं पत्रकावर लागली नसतील तर नगर भूमापन कार्यालयात अर्ज करावा लागतो. नोटिसा निघतात, हरकतीसाठी मुदत द्यावी लागते. हे काम गिऱ्हाईक ठरल्यावर सुरू केलं तर गिऱ्हाईक थांबत नाही. आधी करा.

त्याच पत्रकावर सत्ताप्रकार असा एक रकाना असतो. तिथे ‘ब’ दिसला तर थांबा आणि वकिलाला दाखवा. त्या जमिनीला भाडेपट्टा किंवा सरकारी अट चिकटलेली असण्याची शक्यता असते आणि विक्रीला परवानगी लागू शकते. देवस्थान इनामाचा, म्हणजे देवळाच्या नावे दिलेल्या जमिनीचा, शेरा असेल तर त्याहून अवघड. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचं मुख्यालयच आपल्या गावात आहे, देवस्थानच्या जमिनी आसपास पुष्कळ, आणि असल्या जमिनी साध्या खरेदीखताने हस्तांतरित होत नाहीत. तुमच्या घराला हे नसेलही. पण नसल्याची खात्री कागदावर हवी, कुणाच्या तोंडी नको.

मग नकाशा. वरचा मजला वडिलांनी नंतर चढवला असेल तर त्याची परवानगी घेतली होती का? मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र असेल तर मोठ्या बँका कर्ज देतात. नसेल तर गिऱ्हाइकाला सहकारी बँक नाहीतर पतसंस्था गाठावी लागते. तिथलं व्याज बहुधा चढं असतं, कर्ज कमी मिळतं, आणि तो फरक शेवटी तुमच्या किमतीतून जातो. शहराच्या कडेला, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, फुलेवाडीकडे, हाच घोळ गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांच्या, रूपाने येतो. गुंठेवारी नियमित करून घेतलेला प्लॉट आणि नुसत्या करारपत्रावरचा प्लॉट, दिसायला शेजारी-शेजारी, पण गिऱ्हाईक वेगळं आणि भावही वेगळा.

हे सगळं झालं की ओळखीच्या दिवाणी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे घराच्या जुन्या नोंदलेल्या दस्तांचा शोध, काढून घ्या. गिऱ्हाइकाचा वकील काढणारच आहे. त्याला जे सापडणार ते आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं. वडिलांनी कधीकाळी काढलेल्या कर्जाचा बोजा फिटूनही पत्रकावर तसाच राहिलेला असतो, हे इतक्या वेळा पाहिलंय की आता नवल वाटत नाही.

आता पहिल्या एजंटाकडे येऊ. ९५ हा आकडा खोटाच असेल असं मी म्हणत नाही. पण याची एक ठरलेली वाट असते. मालकाला सगळ्यांत मोठा आकडा सांगायचा, ‘फक्त मलाच’ असं लिहून घ्यायचं, आणि मग दोन महिने कुणालाच आणायचं नाही. तिसऱ्या महिन्यात एक जण ८२ ला मागतो, मग दुसरा ७६ ला, आणि दर वेळी ‘मार्केट डाऊन आहे’. पाचव्या महिन्यात मालक इतका थकतो की ७४ ला हो म्हणतो आणि वर एजंटाचे आभार मानतो. पहिल्या दिवशी ७८ सांगणारा त्याला माणूसघाणा वाटला होता.

यावर उपाय एकच. त्याला विचारा, आमच्या गल्लीत नाहीतर आजूबाजूला गेल्या वर्षभरात कुठलं घर कितीला गेलं, दस्त दाखव. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन शोधता येते, त्यात नोंदणी झालेल्या दस्तांची रक्कम दिसते. दस्तात लिहिलेली किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांत कोल्हापुरात कधी कधी अंतर असतं हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. तरीसुद्धा चार-पाच दस्त बघितले की खालचा अंदाज पक्का होतो. रेडीरेकनर त्याच संकेतस्थळावर मिळतो. तो बाजारभाव नव्हे, मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेली किंमत. पण तो माहीत असायला हवा, कारण ही सरकारी किंमत तुमच्या विक्रीकिमतीहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त निघाली तर भांडवली नफा मोजताना आयकर खातं सरकारी किंमतच धरतं.

९५ च्या समर्थनात तो बहुधा दोन गोष्टी सांगेल. एक म्हणजे सर्किट बेंच. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं, सीपीआर रुग्णालयाच्या समोर. बाहेरगावच्या वकिलांना ऑफिसं लागतात, पक्षकारांना राहायला खोल्या लागतात, हे अगदी खरं आहे. पण त्याचा पहिला परिणाम भाड्यावर आणि भाऊसिंगजी रोडच्या आसपासच्या गाळ्यांवर. पेठेच्या आतल्या गल्लीत, जिथे चारचाकी दारात येत नाही, तिथल्या घराचा भाव त्याने वीस टक्के वाढला असं कुणी म्हणत असेल तर दस्त दाखवायला सांगा. दुसरी गोष्ट शहराची हद्दवाढ. १९७२ साली महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढ ‘आता होणारच’ आहे. उपनगरातली जागा विकताना हे ऐकवतात ते एक वेळ समजू शकतो. मंगळवार पेठेला हद्दवाढीचं काय?

आता तिसरा. माझ्या मते तिघांत सगळ्यांत धोक्याचा हा, आणि बोलायला सगळ्यांत गोड. “मालक, हातात किती पायजेत तेवढं बोला, वरचं आमी बघतो.” ऐकायला बरं वाटतं. दलालीची घासाघीस नाही, आकडा ठरलेला. पण हा माणूस तुमचा एजंट राहत नाही. तो तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये बसलेला व्यापारी होतो, आणि त्याचा फायदा तुम्हाला कमीत कमी देण्यात असतो.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण हे बहुतेक मालकांना माहीत नसतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंटाची कर्तव्यं लिहिलेली आहेत, आणि ती इस्टेट एजंटालाही लागू पडतात. मालकाला न सांगता एजंटाने स्वतःच्या नावाने व्यवहार केला तर त्यातून झालेला फायदा मालक त्याच्याकडून मागू शकतो, असं कलम २१६ सांगतं. पण ‘वरचं तुमचं’ असं तुम्हीच कबूल केलंत की हा हक्क तुम्ही आपल्या हाताने सोडून दिलात.

पैशाच्या बाजूने बघा. समजा गिऱ्हाईक ९२ ला तयार झालं. दस्त ९२ चा झाला तर कागदोपत्री ते ९२ तुम्हाला मिळालेत. एजंटाच्या खिशात गेलेल्या १२ लाखांचा हिशेब आयकर खात्याला तुम्ही देणार, आणि हातात पावती नसणार. दस्त ८० चा झाला आणि १२ रोख फिरले, तर तुमच्या घराच्या व्यवहारात काळा पैसा आला. दोन्हीकडून तुम्हीच अडकता, तो नाही.

यातला आणखी वाईट प्रकार म्हणजे एजंट स्वतःच साठेखत, म्हणजे घर पुढे विकण्याचा करार, करून घेतो. इसार दोन-पाच लाख, मुदत सहा महिने, आणि आत एक ओळ: ‘खरेदीखत लिहून घेणार सांगतील त्या व्यक्तीच्या नावे’. आता घर त्याच्या हातात. चढ्या भावाचं गिऱ्हाईक मिळालं तर तो फायदा काढतो. नाही मिळालं तर मुदत वाढवून मागतो, आणि दिली नाही तर दावा टाकायची भाषा करतो. आर. के. नगरकडच्या एका कुटुंबाचं घर असंच अडकून पडलं होतं, इसाराच्या पैशांत मुलीचं लग्न झालेलं, परत द्यायला हातात काही नाही. तडजोड झाली तेव्हा भाव सुरुवातीच्या आकड्याहूनही खाली गेला होता. एजंटाला घर घ्यायचं असेल तर जरूर घेऊ दे. पण त्याने गिऱ्हाईक म्हणून यावं, दुसरा वकील लावावा आणि दलाली मागू नये.

एजंट तपासायचा कसा? महारेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर एजंटांची नोंदणी शोधता येते. रेराचा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून लागू. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट-प्लॉट विकायचा असेल तर एजंटाकडे नोंदणी हवीच, आणि हल्ली त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. तुमचं जुनं घर त्या कायद्यात बसत नाही, त्यामुळे नोंदणी नसलेल्या माणसाने ते विकलं तर तो गुन्हा नाही. तरीही मी नोंदणीवाल्याला झुकतं माप देतो. ज्याने फी भरली, परीक्षा दिली, त्याला धंद्यात राहायचंय एवढं तरी कळतं. मात्र नोंदणी म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे.

त्याहून उपयोगी म्हणजे त्याने आधी विकलेल्या घरांच्या मालकांशी बोला. विकणाऱ्यांशी, घेणाऱ्यांशी नव्हे. घेणारा नव्या घराच्या आनंदात असतो. विकणाऱ्याला विचारा, शेवटचा हप्ता वेळेवर मिळाला का, आणि नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या दारात काही नवीन निघालं का. आणि एजंटाला समोर बसवून एक विचारा: “या घरात खोट काय आहे?” जो म्हणतो “काहीच नाही, एक नंबर घर आहे,” त्याने घर बघितलेलं नाही. जो म्हणतो, “जिना अरुंद आहे, मागच्या खोलीला ओल आहे, गाडी मिरजकर तिकटीला लावून चालत यावं लागतं, आणि तुमच्या भावाची सही कधी मिळणार?” तो कामाचा. गिऱ्हाईक हेच विचारणार आहे, आणि उत्तर तयार असलेला माणूस तुम्हाला हवाय.

एकट्याला द्यावं की चौघांना? कोल्हापुरात सवय अशी, की भेटेल त्याला सांगून ठेवायचं. मग एकच घर सात जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सात वेगवेगळ्या रेटने, त्याच चार फोटोंसकट फिरतं. गिऱ्हाईक ते सगळे रेट बघतं, सगळ्यांत खालचा धरून बसतं आणि वर मालक अडलेला आहे असं गृहीत धरतं. म्हणून मी एकाच एजंटाच्या बाजूचा आहे. पण सहा महिने नको. दोन महिने द्या, फार तर तीन. काम दिसलं तर वाढवा.

लेखी जरूर करा, यात लाजण्यासारखं काही नाही. साध्या भाषेत एक पान पुरतं. दलाली किती टक्के आणि ती कधी देय: माझं सांगणं, खरेदीखत नोंदल्या दिवशी, इसाराच्या दिवशी नव्हे. करार कायद्याचं कलम २१९ सुद्धा हेच धरून चालतं, की वेगळं काही ठरलं नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. इसारावर अर्धी दलाली दिलीत की एजंटाचा अर्धा जीव व्यवहारातून निघून जातो, आणि नेमकं तेव्हाच खरं काम सुरू झालेलं असतं. कमीत कमी किती रकमेला गिऱ्हाईक आणायचं ते लिहा, म्हणजे जाहिरात त्याखाली जाणार नाही. गिऱ्हाईक तुमच्याच ओळखीने आलं तर दलाली नाही, हेही लिहा. आणि न्यायाने एजंटाच्या बाजूचंही एक लिहा: त्याने मुदतीत आणलेल्या गिऱ्हाइकांची नावं यादीत असतील, आणि त्यातल्या कुणी मुदत संपल्यावर चार महिन्यांत घर घेतलं तर त्याची दलाली त्याला मिळेल. एजंटाला टाळून परस्पर व्यवहार करणारे मालकही मी भरपूर पाहिलेत. चांगला एजंट अशा घराकडे पुन्हा फिरकत नाही, आणि त्याच गल्लीतल्या पुढच्या मालकालाही त्याची झळ बसते.

दलालीचा दर म्हणाल तर जुन्या घराला इथे साधारण एक ते दोन टक्के, आणि बहुतेक जण दोन्ही बाजूंकडून घेतात. दोन्हीकडून घेण्यात चूक नाही, पण ते तुम्हाला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही माहीत हवं. ८० लाखांवर दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. एजंट जीएसटी नोंदणीवाला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे २८ हजार ८०० आणखी. हे ‘सगळं धरून’ की ‘वर वेगळं’ ते आधीच विचारा. शेवटच्या दिवशी यावरून जी तोंडं वाकडी होतात ती फुकटची.

स्वतः विकता येईल का? येईल. पेठेतल्या घराचं सगळ्यांत चांगलं गिऱ्हाईक बऱ्याचदा भिंतीपलीकडे असतं. शेजाऱ्याला घर जोडून वाढवायचं असतं, त्याच्या भावाला वेगळं राहायचं असतं. म्हणून एजंटाला सांगायच्या आधी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना सांगा, गल्लीतल्या तालमीत शब्द टाका. आपल्याकडे तालमीत पडलेला शब्द जाहिरातीपेक्षा लवकर पोचतो. अडचण अशी, की शेजाऱ्याशी भावावर बोलणं जड जातं. वडिलांना ‘तात्या’ म्हणत त्यांच्या मांडीवर खेळलेला माणूस दहा लाख कमी करून मागतो तेव्हा तुमच्या आईच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. एजंट तिथे उपयोगी पडतो. ‘नाही’ तो म्हणतो, वाईटपणा तो घेतो, त्याचेच तर पैसे. शेजारी हेच गिऱ्हाईक असेल तर एजंटाला पूर्ण दलालीऐवजी ठरावीक रक्कम देऊन नुसता व्यवहार तडीस न्यायला लावता येतं. पुष्कळ जण तयार होतात.

घर दाखवण्याबद्दल थोडंच. पितृपक्षात आणि अधिक महिन्यात कुणी इसार देत नाही, तेव्हा त्या काळात घर थंड पडलं म्हणून भाव पाडू नका. दसऱ्याकडे, नाहीतर पाडव्याकडे बघा. पावसात दाखवायला बरेच मालक बिचकतात. तुमच्या गल्लीत २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आलं नसेल तर उलट जुलैतच दाखवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे निघाली की शहरातलं प्रत्येक गिऱ्हाईक ‘इथे पाणी येतं का’ एवढंच विचारतं, आणि पेठेतल्या उंचावरच्या घराचं मोल तेव्हाच कळतं. पाणी आलं असेल तर लपवू नका. सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्येच आहे. मागच्या खोलीची ओलसुद्धा रंग मारून झाकू नका. पहिल्या पावसात ती बाहेर येते.

तुम्ही पुण्यात असल्यामुळे दोन गोष्टी एजंट हमखास सुचवेल. एक, इसार मी घेऊन ठेवतो. नको. इसार मालकाच्याच खात्यात, बँकेतून, आणि पावतीवर मालकांचीच सही. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, म्हणजे दोन लाख रोख इसार घेतला तर दोन लाख दंड. दुसरी गोष्ट वटमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. “ताई, सारख्या फेऱ्या कशाला, माझ्या नावे पत्र करून द्या.” एजंटाच्या नावे वटमुखत्यारपत्र कधीच नाही, कितीही भला माणूस असला तरी. भावाला येणं खरंच जमत नसेल तर त्याने ते तुमच्या किंवा आईच्या नावे करावं. पुण्याहून कोल्हापूर चार-पाच तासांचं. साठेखताला आणि खरेदीखताला या. साठेखत नोंदवूनच करा, त्यात मुदत ठळक लिहा, ती चुकली तर इसाराचं काय होणार तेही लिहा, आणि घराची किल्ली शेवटचा रुपया खात्यात आल्यावर. एजंटाला दाखवायला किल्ली द्यावी लागतेच, पण कपाटं रिकामी करून, देव हलवून, आणि वरच्या मजल्यावर जुने कागद ठेवलेत का ते बघून मगच द्या.

किंमत ५० लाख किंवा वर असली की गिऱ्हाईक एक टक्का टीडीएस कापून उरलेले देतं. मालक तिघं, प्रत्येकाच्या वाट्याला ५० लाखांहून कमी, म्हणून कापायचा नाही, असं आता चालत नाही. एकूण रक्कम धरतात. तिघांचे पॅन आधीच तयार ठेवा, टीडीएस ज्याच्या-त्याच्या नावावर दिसतोय का तेही नंतर तपासा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी रिवाजाने घेणारा भरतो. तरी इसार पावतीत तसं लिहिलेलं असावं.

शेवटी दलाली चेकने किंवा यूपीआयने द्या आणि पॅन असलेली पावती मागा. एजंट कुरकुर करेल, रोखीत थोडं कमी घेतो म्हणेल. ऐकू नका. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफ्यातून वजा होते, पावती असली तरच. वारसाहक्काने आलेल्या घराला वडिलांची खरेदीची तारीख आणि किंमत धरतात, आणि ती १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घर तुमच्या ताब्यात आहे तोवरच काढून घ्या; नंतर नवा मालक आत जाऊ देईलच असं नाही. तो दाखला, वडिलांच्या खरेदीखताची नक्कल आणि दलालीची पावती असं एकत्र करून इसाराच्या आधीच सीएकडे नेऊन दाखवा. कर वाचवायला पुण्यात दुसरं घर घ्यायचं की बाँड घ्यायचे, याच्या मुदती घर विकल्या दिवसापासून मोजल्या जातात.